घोंगड्यातला पाऊस : बोरगाव ते कणकुंबी

आक्का तंबाखूच्या रानात शिरली, मधोमध उभी राहिली आणि तिने खोल श्वास घेतला. मग आणखी एक. मी तिचा दम्याचा पंप हातात धरून बांधावर उभी होते. कापलेली झाडं जमिनीवर पसरली होती. पानं वाळून तपकिरी झाली होती. बायका ओळीने वाकून ती उलटी करत होत्या. प्रत्येकीच्या नाकावर पदर होता. आक्काच्या नाकावर काही नव्हतं.

"बाई, तंबाखूच्या रानात हवा खायला कोण येतंय व्हय?" बाळूअण्णा म्हणाले. रान त्यांचं. ते आणि आक्का निपाणीच्या शाळेत एका वर्गात होते.

"मी आले की."

"शान्या माणसानं म्हाबळेश्वरला जावं."

"तिथं शाळा न्हाय मिळत मला."

ओळीतली एक बाई पदराआडून म्हणाली, "मास्तरीणबाई, शिंक आली तर बांधावर जाऊन शिंका. चुरा उडतोय." बाकीच्या हसल्या. आक्काही हसली. तिला शिंक आली नाही. खोकलाही नाही.

तिने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी पंप पर्समध्ये टाकला.

हे बोरगावजवळ, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी. इथे येण्याचं कारण असं. आक्का मराठी शाळेत शिक्षिका आहे. तिला मुख्याध्यापिकेची बढती आली होती. सोमवारी बेळगावात कौन्सेलिंग होतं. ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाला बोलावतात, पडद्यावर रिकाम्या जागा दिसतात, त्यातली एक निवडायची. नाही निवडली तर बढती गेली. आक्काचा नंबर शेवटाकडचा होता. तिच्यापर्यंत येईतो दोनच गावं उरतील असं कळलं होतं. एक बोरगावजवळचं. दुसरं पार पश्चिमेला, जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे. दोन्ही गावांची नावं देत नाही, कारण तिथे शाळा एकेकच आहे.

आक्काला लहानपणापासून दमा आहे. आमची आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. आक्का वखारीच्या दारात बांधलेल्या झोळीत वाढली. मी जन्मले तेव्हा आईने ते काम सोडलं होतं, त्यामुळे मला दमा नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. निपाणीत अशा घरांची कमी नाही. तिथे दमा म्हटलं की तंबाखू, आणि तंबाखूपासून लांब गेलं की दमा सुटला, असा सरळ हिशेब असतो. डॉक्टरही कधी वेगळं बोलले नाहीत. त्यामुळे आक्काचा कल पहिल्यापासून पश्चिमेकडे होता. तरी दोन्हीकडची हवा स्वतः घेऊन बघायची, असं तिने ठरवलं. गाडी मी चालवते. मी बेळगावात कॉलेजात शिकवते, शहापुरात राहते, आणि शुक्रवारची रजा टाकता आली.

हा प्रवास कुणालाही करता येईल. बेळगाव जिल्ह्यात बोरगावापासून कणकुंबीपर्यंत गाडीने जायला अर्धा दिवस पुरतो. पण तेवढ्यात माती, झाडं, घरांची छपरं आणि लोकांच्या पायांना लागलेल्या मातीचा रंगही बदलतो. सगळ्याचं कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटाच्या कड्याला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. उरलेलं पाणी पूर्वेकडे जाताना कमी कमी होत जातं. ही गोष्ट शाळेत नकाशावर शिकवतात. आक्कानेच किती वर्षं शिकवली आहे. रस्त्यावर ती वेगळी दिसते.

बोरगावच्या बाजूला जमीन काळी आणि सपाट. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दूधगंगेचं पाणी जिथवर पोचतं तिथवर ऊस, नाही पोचत तिथे तंबाखू, ज्वारी, हरभरा. झाड म्हणाल तर बांधावर बाभूळ, विहिरीपाशी कडुलिंब, देवळापुढे पिंपळ. नजर अडवायला काही नाही. वारा कुठूनही येतो आणि कुठेही जातो. तंबाखू उघड्या रानात वाळते ती ह्या कोरड्या वाऱ्यावर आणि ह्या मातीवर. दुसरीकडे नेली तर कुजेल, असं बाळूअण्णा म्हणाले.

शाळा गावाच्या टोकाला आहे. कौलारू, समोर मैदान, मैदानाच्या पलीकडे पुन्हा तंबाखू. आक्काने पायरीवर बसून बराच वेळ घालवला. पोरं मधल्या सुट्टीत बाहेर आली. एकाने विचारलं, "तुम्ही तपासणीला आलासा काय?" आक्का म्हणाली, "व्हय." पोरं पळाली.

जेवण बाळूअण्णांच्या घरी. ज्वारीची भाकरी, खरडा, पालेभाजी, दही. बाहेर जेवायचं तर निपाणीत बसस्टँडजवळ खानावळी आहेत, शंभर-सव्वाशेत पोट भरतं. परतताना निपाणीत एका वखारीसमोर गाडी थांबवली. आत तंबाखू चाळण्याचं काम सुरू होतं. दारातून बाहेर पडणारा धुरळा उन्हात पिवळा दिसत होता. आक्का दारापर्यंत गेली आणि खोकत परत आली. पंप दोन वेळा ओढला.

"बघ," ती म्हणाली. जणू मी तिच्याशी वाद घालत होते.

"वखारीत थोडीच शाळा आहे," मी म्हटलं.

"वारा फिरला की तेच शाळेत येणार गं."

तवंदी घाट चढून संकेश्वरकडे आलो. घाट म्हणजे लहानशी डोंगररांग, पण वर आलं की निपाणीचं सपाट रान खाली राहतं. कुसळी गवत पिवळं पडलं होतं. संकेश्वरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली. गळीत हंगामात हा रस्ता धरला तर वेळ हातचा ठेवा. मळीचा वास काच बंद केली तरी येतो. काकतीच्या जवळ रस्त्याकडेची खणलेली माती लाल दिसायला लागते. काळ्या मातीची हद्द कुठे संपली ते मला कधी नेमकं पकडता आलेलं नाही. दर वेळी ठरवते, दर वेळी चुकते.

शनिवारी सकाळी नऊला पश्चिमेकडे निघालो. पेट्रोल बेळगावातच भरून घ्या. पिरनवाडीवरून जांबोटीचा रस्ता लागतो. गोव्याकडे चोर्ल्यातून जाणारी वाहतूक ह्याच रस्त्याने जाते, त्यामुळे वळणांवर ट्रक समोर येतात. खड्ड्यांचा अंदाज आधी कुणाला तरी विचारून घ्यावा. जांबोटीनंतर मोबाईलची रेंज असली तर असली.

आधी भाताची रिकामी खाचरं. कापणी झालेली, बुडखे राहिलेले, मधे मधे मसूर. मग काजू. काजूला मोहोर होता आणि त्याचा थोडा तुरट वास. मग माळावर लाल जांभा उघडा पडलेला, त्यावर करवंदीची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरलेली. जांबोटीपर्यंत झाडं सुटी सुटी असतात. जांबोटीच्या पुढे ती एकमेकांना भिडतात. जांभूळ, हिरडा, किंजळ, आणि खाली अंजनीची झुडपं, जिच्या फांद्यांना निळी-जांभळी फुलं चिकटल्यासारखी येतात. कुसुंबाला नवी पालवी आली होती, तांबडी. पूर्वेकडे ह्या दिवसांत झाडं पानं टाकतात. इथे काही झाडांनी जुनी पानं टाकलीच नव्हती.

आक्काने काच खाली केली आणि डोकं सीटला टेकवून डोळे मिटले.

"कसं वाटतंय?"

"बोलू नको. श्वास घेतेय."

गावात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गाडी रस्त्याच्या कडेला ठेवून ओढा ओलांडून चढावं लागतं. आक्काने फक्त खांद्याची पिशवी घेतली. पंप असलेली माझी पर्स गाडीत राहिली. मी आठवण करून दिली.

"जंगलात पंप कशाला?" ती म्हणाली. मलाही ते पटलं.

आमची सोय परशरामअण्णांकडे होती. ते शाळेच्या समितीवर आहेत. भात आणि थोडा काजू करतात. त्यांची बायको तुळसाक्का. मुलगी पाचवीत, त्याच शाळेत. शाळेला दोन वर्षं मुख्याध्यापक नाही. एकच शिक्षक सगळे वर्ग एका खोलीत घेतो आणि उरलेल्या वेळात कागद रंगवतो. पोरं कमी होत चालली आहेत. ज्यांना जमतं ते मुलांना खानापूरला, बेळगावला पाहुण्यांकडे ठेवतात. असंच चाललं तर शाळा बंद होईल, हे कुणी न सांगता कळत होतं. परशरामअण्णांनी शाळा झाडून घेतली होती. फळ्यावर खडूने 'स्वागत' लिहिलं होतं.

"हवा बघा बाई," ते म्हणाले. "अशी हवा शेरात पैसं देऊन मिळत न्हाय."

"पाऊस लई असतो म्हणे?" आक्काने विचारलं.

"असतोय की. पावसाळ्यात पाऊस असायचाच. भिऊ नगासा."

तुळसाक्का पाणी घेऊन आली होती. तिने तांब्या ठेवला, नवऱ्याकडे बघितलं आणि आत गेली.

दुपारी मी एकटी गावातून फिरले. पाऊस नव्हता, पण त्याच्या खुणा सगळीकडे होत्या. छपरं इतकी खाली आलेली की घरात वाकून जावं लागतं. पश्चिमेच्या भिंतींना ओळीने भोकं. पावसाळ्याआधी त्यात बांबू घालून गवताच्या झडी बांधतात, म्हणजे घराला बाहेरून अंगरखा चढवतात. झडी बांधल्या की खिडकी उरत नाही. भिंतीचा जांभा कमरेपर्यंत काळा. झाडांच्या खोडांवर शेवाळ, आता वाळून खरखरीत झालेलं, पण माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. फांद्यांवर आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, झुबके. ज्या झाडावर आमरी नुसत्या हवेतल्या ओलीवर जगते, तिथली हवा किती महिने ओली असेल याचा अंदाज यावा. मला आला. मी तो आक्काला सांगितला नाही. ती ओट्यावर बसून तुळसाक्काच्या मुलीला पाढे विचारत होती आणि तिचा चेहरा फार दिवसांत इतका मोकळा दिसला नव्हता.

संध्याकाळी थंडी उतरली. दिवस मावळता मावळता परशरामअण्णा शिडी लावून माळ्यावर चढले. "पाव्हण्यास्नी घोंगडी काढतो. नवी हाईत, पावसाच्या आधी घेतल्याली." त्यांनी वरून दोन घोंगडी खाली टाकली. तुळसाक्काने ती दारात नेऊन झटकली. एक झटका, दुसरा झटका. राखाडी भुकटी उडाली. वास आला, ओल्या लाकडाचा आणि जुन्या पिठाचा. आक्का चुलीपाशी बसली होती. तिने हात नाकापुढे धरला, उठली, आणि भिंतीला टेकून परत खाली बसली.

तिचा श्वास वाजायला लागला.

मी पळाले. ओढ्यात पाय घसरला, चप्पल गेली. गाडीची किल्ली हातात होती, पण कुलूप पटकन उघडेना. पर्स घेऊन वर आले तेव्हा आक्काला ओट्यावर आणून बसवलं होतं. ती पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. ओठ पांढरे. तुळसाक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. परशरामअण्णा घोंगडी घेऊन अंगणात उभे होते. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

पंप ओढला. थांबून परत ओढला. हळूहळू आवाज कमी झाला. अंधार पडेपर्यंत ती बोलू शकली नाही.

बोलली तेव्हा म्हणाली, "तंबाखू ठेवली होती का माळ्यावर?"

"न्हाय हो," परशरामअण्णा म्हणाले. "आमच्यात कोण खातबी न्हाय."

"मग?"

"बुरा हाय त्यो, बुरशी म्हना," तुळसाक्का म्हणाली. "पावसात धरतोय. घोंगड्याला, पोत्याला, पोरांच्या पुस्तकाला. चुलीवर माळ्याला धूर देतो तवा जरा कमी हुतोय. जात न्हाय."

"तू गप गं," परशरामअण्णा म्हणाले.

"का गप? बाईंचा जीव जायाची येळ आलती."

"आता फेब्रुवारी चाललाय. जून-जुलै लांब हाय."

"लांब हाय म्हणूनच सांगतो." ती आक्काकडे वळली. "बाई, चार म्हैनं ऊन दिसत न्हाय हितं. दिस-रात चूल पेटती ठेवायची. धुनं त्याच्यावर, मानसं त्याच्याभोवती. खिडकी बंद. मागचं गुरुजी असंच हवा बघून आलतं. श्रावणात गेलं ते आलं न्हाय, आन् हे आत्ताचं गुरुजी तवा नव्हतं. पोरं रोज शाळंच्या दारात जाऊन बसायची."

 चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं होतं, त्याचा धूर दारापर्यंत येत होता. तुळसाक्काने उठून त्यावर पाणी ओतलं. मग आम्ही सगळे बाहेर ओट्यावर बसून जेवलो. तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी, फणसाचे सांडगे. ती रात्र आक्काने आणि मी गाडीत काढली, काचा अर्ध्या उघड्या ठेवून. परशरामअण्णांनी कंदील आणून दिला. ते दोनदा विचारून गेले.

रविवारी सकाळी आक्का ठीक होती. निघण्याआधी कणकुंबीला मलप्रभेचं कुंड बघून आलो. देवळाशेजारी छोटीशी पायऱ्यांची जागा, पाणी शांत. इथून निघालेलं पाणी पूर्वेकडे जातं, कृष्णेला मिळतं आणि पार पलीकडच्या समुद्रात पोचतं. समुद्र ह्या बाजूला जवळ आहे, पण वाट त्या बाजूची. थोडं पुढे गेलं की जे ओढे लागतात ते सरळ गोव्यात उतरतात. मधे ठळक काही नाही, एक बारीक चढ आहे फक्त. तुम्ही जाल तर कुंडाच्या पायऱ्या निसरड्या असतात हे लक्षात ठेवा.

परतताना आक्काने एक उपाय काढला. "जांबोटीत खोली घेतली तर? तिथनं रोज बस."

म्हणून आम्ही झाडं बघत आलो. गाडी हळू चालवली. शेवाळ आधी डोक्याच्या वर होतं. मग खांद्यापर्यंत. मग खोडाच्या एकाच बाजूला, पश्चिमेच्या. जांबोटीत ते बुंध्यापाशी येऊन थांबलं होतं. तेवढ्या थोड्या वाटेत. आक्का खाली उतरून एका आंब्याच्या बुंध्यावर हात फिरवून आली आणि म्हणाली, "हितं राहता येईल मला."

चहाच्या गाड्यावर विचारलं, पावसाळ्यात कणकुंबीकडची बस रोज असते का. गाडेवाल्याने चहा गाळता गाळता उत्तर दिलं. "असती. झाड पडलं न्हाय तर असती."

"आणि पडलं तर?"

"तर न्हाय. मग तोडाय लोक येत्यात. कवा त्या दिवशी, कवा दुसऱ्या दिवशी. तोवर फुडं आणिक एक पडतंय."

आक्काने चहा संपवला. ग्लास ठेवताना म्हणाली, "म्हणजे पोरं दारात बसणार."

 किणये गेलं, काजू गेले, ऊन वाढलं. पिरनवाडीला गर्दी लागली. शहापुरात शिरलो तेव्हा गल्लीत कुणाच्या तरी विणकामाच्या मागाचा आवाज येत होता. मी भाताचा कुकर लावला. तिने पिशवीतले कपडे काढून गच्चीवर उन्हात टाकले, सगळे, न घातलेलेसुद्धा.

रात्री मी तिला विचारलं की शुक्रवारी बोरगावला तिला बरं कशामुळे वाटलं असेल. ती म्हणाली, वारा. उघडं रान, कोरडा वारा, धुरळा थांबत नाही. वखारीत थांबतो. घोंगड्यात थांबतो. इतकी वर्षं मी तंबाखूवर सगळं घालत आले, ती म्हणाली, आणि आईनेही. आई गेली तेव्हाही तिला वाटत होतं की माझा दमा तिच्यामुळे झाला. मग ती उठून भांडी विसळायला गेली. मी ती आवरून ठेवली.

माझ्याकडे त्या तीन दिवसांचे फोटो आहेत. भेगाळलेलं काळं रान, करवंदीची फुलं, कुसुंबाची तांबडी पालवी. सुंदर आले आहेत. ते बघून कुणालाही दोन्हीकडे जावंसं वाटेल, आणि जावंच. फेब्रुवारीत जा. पण राहायला जायचं असेल तर झाडाच्या खोडाकडे बघा आणि घरात सगळ्यात वर काय ठेवलंय ते खाली काढायला सांगा.

सोमवारी सकाळी साडेअकराला आक्काचं नाव पुकारलं. पडद्यावर ती दोन गावं होती. तिने बोरगावजवळचं गाव घेतलं, सही केली आणि बाहेर येऊन तुळसाक्काला फोन लावला. रेंज लागायला वेळ लागला. मी शेजारी उभी होते, ऐकू येत होतं.

"बरं केलंसा," तुळसाक्का म्हणाली. मग थोडं थांबून, "दुसरं कोण घेणार असंल तर त्यास्नी सांगा बाई, मागल्या दारची खोली मोकळी करून देतो म्हनावं. तिकडं चूल न्हाय."

आक्का "सांगते" म्हणाली. ती परत आत जाऊन शेवटचं नाव होईपर्यंत बसली. ती जागा कुणी घेतली नाही.